बुगडी, भिकबाळी आणि सोनाराचा हात

‘सोनारानेच कान टोचावे’ ही म्हण मराठीत इतकी रुळली आहे की, ती उच्चारताना खरा कान, खरी तार आणि खरा सोनार कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. अधिकारी माणसाने योग्य वेळी चार कठोर शब्द सुनवावेत, एवढाच तिचा अर्थ आता उरला आहे. परंतु आम्हां सुवर्णकार कुटुंबांस ही म्हण केवळ अलंकारिक नाही. समाजाने आपल्या हातावर ठेवलेल्या विश्वासाची ती साक्ष आहे.

या विषयाकडे वळण्यास कारणही तसेच आहे. शेगाव व आसपासच्या गावांतील आपल्या घरांतून अलीकडे एक नवा वाद ऐकू येतो. चौदा-सोळा वर्षांची मुलगी, क्वचित मुलगाही, कानाची मऊ पाळी सोडून वरच्या कठीण कडेला भोक पाडून घेण्याचा हट्ट धरतो. वडीलधारी मंडळी ‘हे कुठले परदेशी खूळ?’ म्हणून रागावतात. मुले ऐकत नाहीत आणि एखाद्या दिवशी शहरातून परस्पर कान टोचून येतात. या वादात दोन्ही पक्षांस आपल्याच इतिहासाचे विस्मरण झाले आहे, असे आम्हांस नम्रपणे वाटते.

कर्णवेधाची परंपरा किती प्राचीन आहे, हे सुश्रुतसंहितेवरून कळते. तिच्या सूत्रस्थानातील सोळावा अध्याय याच विषयास वाहिलेला आहे. बालकाचा कान सहाव्या अथवा सातव्या महिन्यात, शुक्लपक्षी टोचावा. हेतू दोन, रक्षण आणि भूषण. वैद्याने डाव्या हाताने कान ओढून धरावा, सूर्यप्रकाशात जेथे कान पारदर्शक दिसेल ते दैवकृत छिद्र ओळखावे आणि तेथेच उजव्या हाताने हळूहळू, सरळ वेध करावा. पाळी पातळ असेल तर सुई वापरावी, जाड असेल तर आर. मुलाचा उजवा कान प्रथम, मुलीचा डावा. कालिका, मर्मरिका व लोहितिका या तीन शिरांस इजा झाल्यास ज्वर, सूज, वेदना इत्यादी उपद्रव होतात, असा इशाराही ग्रंथकार देतात. वेधानंतर तेलात भिजवलेली कापसाची वात घालावी व दर तीन दिवसांनी ती अधिक जाड करीत जावी. हे सर्व विवेचन पाळीविषयी आहे, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे.

वैद्याचे हे काम पुढे महाराष्ट्रात सोनाराच्या हाती आले. बारशाच्या सुमारास सोनारास घरी बोलवावे, त्याने सोन्याची बारीक तार टोकदार करून पाळीतून पार करावी, तिचेच वळे वळवून ठेवावे आणि वर खोबरेल व हळद लावावी, हा क्रम आपल्या घरांतील वृद्धांस परिचित आहे. शिधा व दक्षिणा देऊन सोनाराची पाठवणी होई. त्याची शेगडी पेटलेली असे, म्हणून शेजारीपाजारी विस्तवही त्याच्याकडेच मागत. दासगणूंच्या ‘श्रीगजाननविजय’ ग्रंथातील शेगावच्या जानकीराम सोनाराची कथा सर्वश्रुत आहे. महाराजांच्या चिलमीसाठी मागितलेला विस्तव त्याने नाकारला व पुढे त्यास पश्चात्ताप झाला. गावाच्या बारीकसारीक गरजांसाठी सोनाराचे दार ठोठावले जाई, हेही त्या कथेतून सहज दिसते.

आता वरच्या कानाकडे वळू. मराठी स्त्रीच्या कानात पाळीला कुडी किंवा कर्णफूल, तर वरच्या कडेला बुगडी, अशी योजना होती. बुगडीस मागून मळसूत्राची फिरकी असे आणि तिच्यासाठी कूर्चेतून, म्हणजे कानाच्या कठीण लवचीक भागातून, भोक पाडावे लागे. आज जे ‘नवे’ म्हणून निषिद्ध मानले जात आहे, ते आपल्या पणज्यांच्या कानांवर उघडपणे मिरवत होते. 1959 सालच्या ‘सांगत्ये ऐका’ या चित्रपटातील लावणीने तर बुगडीस घरोघर पोहोचविले. पुरुषही मागे नव्हते. मोती ओवलेली भिकबाळी ते कानाच्या वरच्या भागात घालीत आणि पेशवाईच्या स्मृतीशी ती आजही जोडलेली आहे. मुले जगत नसत त्या घरी नवसाच्या मुलासाठी भीक मागून मिळालेल्या सोन्याची बाळी करीत, त्यावरून हे नाव पडले, असे परंपरेने सांगतात. तेथेही रक्षण आणि भूषण एकत्र आलेले दिसतात.

मग ही रीत मागे का पडली? आवडीनिवडी बदलल्या, हे एक कारण. भोक न पाडता बसणारी दाबाची बुगडी आली, हे दुसरे. तिसरे कारण आपल्या ज्ञातीस विसरता येणार नाही. जानेवारी 1963 मध्ये सुवर्णनियंत्रण आले आणि चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. पुढे ती अट शिथिल झाली. परंतु 1968 चा सुवर्णनियंत्रण कायदा 1990 मध्ये रद्द होईपर्यंत निर्बंध राहिलेच. या काळात अनेक कारागिरांची शेगडी विझली. हात धंद्यातून गेला, तेव्हा त्याबरोबर त्याच्या अंगची सवयही गेली. पुष्कळ वृद्ध स्त्रियांच्या कानांवर वरची भोके तेवढी रिकामी राहिली.

तथापि केवळ ‘हे जुनेच आहे’ असे म्हणून मुलांच्या हट्टास मान डोलवावी, असा आमचा अभिप्राय नाही. पाळी मांसल असते, तिच्यात रक्त खेळते. तिची जखम साधारणतः सहा ते आठ आठवड्यांत भरते. कूर्चेत स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण तिच्यावरील पातळ आवरणातून होते. म्हणून तेथील जखम भरण्यास कित्येक महिने, कधी वर्षही लागते. जंतू शिरून आवरणाखाली पू साचला की कूर्चा मरते आणि कान कायमचा आक्रसतो. दुकानांतून वापरले जाणारे स्प्रिंगचे यंत्र कूर्चेस चेचते आणि त्याचे पूर्ण निर्जंतुकीकरणही अवघड असते. 2000 साली अमेरिकेतील ओरेगन राज्यात एका दागिन्यांच्या विक्रीकेंद्रात वरचा कान टोचून घेतलेल्यांपैकी 7 जणांस असा संसर्ग झाल्याचे सिद्ध झाले. त्यांत किशोरवयीन मुले होती आणि काहींवर शस्त्रक्रिया करावी लागली. जंतू आले कोठून? स्वच्छतेसाठी फवारावयाच्या द्रवाच्या बाटलीतून! साधन कितीही नवे असो, ते धरणारा हात जाणता नसेल तर घात होतो, हाच याचा बोध.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. मुलाने वा मुलीने असा विषय काढला, तर त्यास झिडकारू नये. झिडकारलेले मूल परस्पर कोठेही जाते. त्यास पणजीची बुगडी दाखवावी, नाव सांगावे, आणि पूर्ण विचारानंतरही इच्छा कायम राहिली तर आईवडिलांनी स्वतः बरोबर जाऊन, निर्जंतुक सुईने व जाणत्या हाताने, शक्यतो वैद्यकीय देखरेखीखाली काम करवून घ्यावे. सूज, वाढती वेदना वा पू दिसताच घरगुती उपायांत दिवस न दवडता डॉक्टर गाठावा. ज्या ज्ञातिबांधवांच्या दुकानांत आजही कान टोचले जातात, त्यांनी पाळी व कूर्चा यांतील भेद गिऱ्हाइकास स्पष्ट सांगावा. जेथे आपले साधन अपुरे आहे, तेथे ‘हे काम आमचे नव्हे’ असे म्हणण्यात कमीपणा नाही. समाजाने आपल्या हाती तान्ह्या मुलांचे कान दिले, ते या सचोटीवर विसंबून.

आणखी एक विनंती. घरातील जुनी बुगडी वा भिकबाळी आटणीस टाकण्यापूर्वी तिचे छायाचित्र काढावे, ती कोणी घडविली व कोणी घातली हे वृद्धांस विचारून लिहून ठेवावे. सोने पुन्हा मिळते. ज्या कानाने ते मिरविले त्याची हकीकत मात्र सांगणारे माणूस गेले की संपते.