दंतरोपणावरील कॅप सैल होणे

जबड्याच्या हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळावरचा, म्हणजे इम्प्लांटवरचा दात हलणे, जागच्या जागी फिरणे किंवा निखळून हातात येणे. ‘इम्प्लांट हलतोय’ अशी रुग्णाची तक्रार असते. पण बरेचदा हाडातला इम्प्लांट पक्का असतो आणि त्याच्या वरचा जोड सुटलेला असतो. नेमके काय सुटले आहे, यावर पुढचा उपचार ठरतो.

रचना : रोपण केलेल्या दाताचे तीन भाग असतात : हाडातला टिटॅनियमचा इम्प्लांट, त्यावर स्क्रूने आवळलेला अबटमेंट हा मधला खुंट आणि दिसणारी कॅप. टिटॅनियमभोवती हाड घट्ट जुळून येते, हे स्वीडिश संशोधक पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना १९५२ साली सशांच्या हाडांवरील प्रयोगांत आढळले. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णावर असे दंतरोपण केले. कॅप अबटमेंटवर सिमेंटने चिकटवतात किंवा स्क्रूने बसवतात. स्क्रूच्या पद्धतीत कॅपमध्ये छिद्र असते आणि ते दाताच्या रंगाच्या कॉम्पोझिटने बुजवलेले असते.

कारणे : स्क्रू आवळताना किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळेच दोन्ही भाग एकमेकांवर दाबून राहतात. म्हणून टॉर्क रेंच वापरून तो कंपनीने ठरवलेल्या जोराने, साधारण २५ ते ३५ न्यूटन-सेंटिमीटरने, आवळतात. जोर कमी पडला, भाग नीट बसले नाहीत किंवा त्यांच्या पृष्ठभागावरचे सूक्ष्म उंचवटे वापराने दबले, की ताण उतरतो आणि स्क्रू ढिला होतो. झोपेत दात खाण्याची सवय, चावताना कॅप उंच लागणे आणि एकट्या दाढेवर येणारा भार यांनी त्यात भर पडते. नैसर्गिक दाताच्या मुळाभोवती तंतूंचा पातळ थर असतो. तो दाब सोसतो आणि दाब जास्त झाल्याची जाणीवही करून देतो. इम्प्लांटला हा थर नसल्याने भार वाढलेला रुग्णाला चटकन कळत नाही. सिमेंटची कॅप सिमेंट झिजल्यानेही सुटते.

लक्षणे : जिभेने ढकलल्यावर कॅप हलते, घास चावताना खटका जाणवतो किंवा शेजारच्या दाताशी फट पडून अन्न अडकू लागते. सुटलेल्या जोडात जंतू साठतात. त्यामुळे हिरडी सुजते आणि कॅप दाबल्यावर तोंडाला घाण चव येते. दुखत नाही म्हणून काळजी नाही, असे मात्र नाही : हाडाशी न जुळलेला इम्प्लांटही कित्येकदा न दुखता हलतो.

तातडीने काय करावे : त्या बाजूने चावू नये आणि मऊ अन्न खावे. भाकरी, चिक्की, सुपारी टाळावी. कॅप हलवून पाहण्याची सवय लावून घेऊ नये, कारण ढिल्या स्क्रूवर चावत राहिल्यास तो वाकतो किंवा तुटतो. मऊ ब्रशने जागा स्वच्छ ठेवावी आणि कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भराव्यात. कॅप निघालीच तर धुऊन डबीत ठेवावी. स्क्रू किंवा अबटमेंट सोबत आला असल्यास तोही जपावा. झटपट चिकटणाऱ्या घरगुती गोंदाने ती बसवू नये. अबटमेंटही निघाला असेल, तर उघड्या इम्प्लांटवर हिरडी थोड्याच दिवसांत चढते. म्हणून दंतवैद्याकडे जायला उशीर करू नये. कॅप गिळली गेल्यास ती बहुधा शौचावाटे पडून जाते. तरीही डॉक्टरांना कळवावे. ठसका थांबत नसेल किंवा धाप लागत असेल, तर ती श्वासनलिकेत गेल्याची शक्यता असते. अशा वेळी थेट रुग्णालय गाठावे.

निदान व उपचार : दंतवैद्य एक्स-रे काढून इम्प्लांटभोवतालचे हाड आणि जोडातली फट पाहतात. स्क्रू ढिला असल्यास छिद्रातले कॉम्पोझिट आणि त्याखालची टेफ्लॉनची पांढरी पट्टी काढून स्क्रू बाहेर घेतात, जोड साफ करतात आणि गरजेप्रमाणे नवा स्क्रू घालून ठरल्या जोराने आवळतात. काही मिनिटांनी तो पुन्हा आवळतात. चावण्याचा भार तपासून कॅप घासली नाही, तर तीच तक्रार परत येते. सिमेंटच्या कॅपखालचा स्क्रू ढिला असेल, तर कॅपला छिद्र पाडावे लागू शकते. नुसते सिमेंट सुटले असल्यास कॅप पुन्हा चिकटवतात. हिरडीखाली राहिलेले जादा सिमेंट मात्र काढावेच लागते, नाहीतर तिथे दाह होतो. तुटलेल्या स्क्रूचा तुकडा सूक्ष्म अवजारांनी उलटा फिरवून काढतात. इम्प्लांटच हलत असेल, तर आवळून उपयोग नसतो. तो काढून जखम आणि हाड भरू देतात आणि काही महिन्यांनी नव्या रोपणाचा विचार करतात.

प्रतिबंध : वार्षिक तपासणी आणि दात खाणाऱ्यांसाठी नाइट गार्ड उपयोगी पडतो. रोपणाच्या वेळी मिळालेले इम्प्लांट कार्ड जपून ठेवावे. वेगवेगळ्या कंपन्यांचे स्क्रू आणि ते फिरवायचे ड्रायव्हर एकमेकांना लागतातच असे नाही. कार्डावर कंपनी, आकार आणि लॉट क्रमांक असल्यास परगावच्या किंवा परदेशातल्या दंतवैद्यालाही योग्य भाग मागवता येतो.