यामादोरी

यामादोरी : निसर्गात खुरटून वाढलेला वृक्ष मुळांसह खणून आणून त्यापासून बोन्साय तयार करण्याची जपानी पद्धती; अशा वृक्षासही हीच संज्ञा लावतात. जपानी भाषेत ‘यामा’ म्हणजे डोंगर व ‘तोरी’ म्हणजे घेणे.

लघुवृक्षांची कला मूळची चीनमधील. थांग राजपुत्र ली श्यॅन याच्या थडग्यातील (इ. स. ७०६) भित्तिचित्रांत असे वृक्ष हाती घेतलेले सेवक दिसतात. जपानमध्ये १३०९ च्या ‘कासुगा गोंगेन गेंकी’ या चित्रपटात तबकातील झाडे आढळतात.

कड्याच्या फटीतील अपुरी माती, सोसाट्याचा वारा आणि बर्फाचा भार यांमुळे वृक्ष ठेंगणा राहतो. त्याचे खोड जाड व पिळदार बनते. फांद्यांवरील व खोडावरील निर्जीव, पांढुरक्या काष्ठास अनुक्रमे ‘जिन’ व ‘शारी’ म्हणतात. रोपवाटिकेत ही रूपे कोरून साधता येतात; दीर्घ वय मात्र कृत्रिम रीतीने देता येत नाही.

वृक्ष सामान्यतः वसंतारंभी, कळ्या फुटण्यापूर्वी काढतात. सभोवती चर खणून लांब मुळे तोडतात व खोडाजवळची तंतुमुळे जपतात. नंतर तो निचऱ्याच्या मातीत लावून काही वर्षे सावरू देतात. त्यानंतरच तारेने वळण देणे व उथळ कुंडीत बसविणे ही कामे होतात.

मेजी कालखंडात (१८६८–१९१२) शिकोकू बेटावरील इशिझुची पर्वतातील शिम्पाकू जूनिपर वृक्षांना मागणी वाढली. पुढे निईगाता प्रांतातील इतोईगावा परिसराचे चुनखडकी कडे प्रसिद्धीस आले. संग्राहक दोरांना लोंबकळून झाडे काढीत. त्यात काहींचे प्राणही गेले. १९२३ च्या भूकंपानंतर टोकिओतील व्यावसायिकांनी १९२५ मध्ये ओमिया येथे बोन्सायग्राम वसविले आणि १९३४ मध्ये टोकिओत ‘कोकुफू’ प्रदर्शन सुरू झाले. कलेला अशी प्रतिष्ठा लाभत असताना कडे मात्र उजाड झाले. शतकानुशतके वाढलेला वृक्ष एका दिवसात काढता येई. त्याची जागा भरून येणे मानवी आयुर्मानात शक्य नव्हते.

त्यामुळे शिम्पाकूच्या निवडक वाणांची छाटकलमांनी अभिवृद्धी करण्याकडे व्यावसायिक वळले. छाटकलमात मूळ वृक्षाचे आनुवंशिक गुण टिकतात. त्याचे वय टिकत नाही. म्हणूनच पूर्वी डोंगरांतून आणलेले जे वृक्ष आज संग्रहांत जिवंत आहेत, त्यांची जोपासना ही पिढ्यान् पिढ्या चालणारी जबाबदारी ठरते.