ब्राह्मीघृत

परीक्षेच्या दिवसांत मुलांना चाटवले जाणारे 'ब्राह्मीचे तूप' ते हेच. मात्र चरकसंहितेत त्याचा पाठ येतो तो चिकित्सास्थानातील अपस्माराच्या, म्हणजे फेफऱ्याच्या प्रकरणात. जुने तूप, ब्राह्मीचा रस, वेखंड, कुष्ठ आणि शंखपुष्पी एवढीच त्याची घटकद्रव्ये. घृतपाकाच्या सामान्य नियमानुसार एक किलो तुपाला पाव किलो वाटलेला कल्क आणि चार किलो रस लागतो. मंद आचेवर पाणी पूर्ण आटले पाहिजे. कल्काची बोटांत वात वळली, ती विस्तवावर धरल्यास तडतडली नाही आणि फेस बसला, की तूप सिद्ध झाले असे समजतात.

वनस्पतीची खात्री करून घेणे फार महत्त्वाचे आहे. दलदलीत वाढणारी, लहान मांसल पानांची जलब्राह्मी (बाकोपा) वेगळी आणि महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी ब्राह्मी म्हणूनच विकली जाणारी, गोल पानांची मंडूकपर्णी वेगळी. बाकोपाच्या अर्कावर आधुनिक चाचण्या झाल्या असून काहींत स्मरणशक्तीला थोडा लाभ दिसला, तोही साधारण बारा आठवडे नियमित घेतल्यावर. त्या चाचण्या अर्काच्या होत्या, तुपाच्या नव्हेत. म्हणून परीक्षेच्या आदल्या आठवड्यात चमचाभर तुपाने पाठांतर सुधारेल अशी अपेक्षा धरू नये. मन शांत होण्याचा अनुभव अनेक जण सांगतात, तो खोटा ठरवण्याचे कारण नाही. फेफऱ्याच्या रुग्णाने मात्र या तुपाच्या भरवशावर चालू औषध कधीही बंद करू नये.