यहुदी धर्मग्रंथांतील जगाचा अंत

जगाचा शेवट म्हटला कीं आमच्या डोळ्यांसमोर पुराणांतील प्रलय उभा राहतो. बारा सूर्य एकदम तळपतात, समुद्र मर्यादा सोडतो, सारें चराचर जलमय होतें; आणि पुढें पुन्हां सृष्टि, पुन्हां कृतयुग, असें तें चक्र अखंड फिरत असतें. यहुदी लोकांच्या धर्मग्रंथांतील कालकल्पना याहून अगदीं निराळी आहे. तेथें काळ नदीप्रमाणें एकाच दिशेनें वाहतो, आणि त्या प्रवाहास मुक्काम आहे. तो मुक्काम कोणता, व त्याची वाट पाहणाऱ्यांचें काय झालें, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. हिब्रू शास्त्रांत ‘अखरीत हायामीम’ असा जो प्रयोग येतो त्याचा अर्थ ‘शेवटले दिवस’ किंवा ‘पुढील काळ’ इतकाच आहे. पृथ्वीचा नाश असा नव्हे. सृष्टिनाशाची कथा तर त्या शास्त्राच्या आरंभींच येऊन जाते. नोहाच्या वेळचा जलप्रलय ओसरल्यावर, असा प्रलय पुन्हां आणणार नाहीं असें वचन परमेश्वरानें दिलें, व त्याची खूण म्हणून मेघांत धनुष्य ठेविलें. मग संपावयाचें तें काय?

याचें पहिलें रोखठोक उत्तर इ. स. पूर्वीच्या आठव्या शतकांत आमोस नांवाच्या मेंढपाळ संदेष्ट्यानें दिलें. ‘परमेश्वराचा दिवस’ उगवेल आणि आपल्या शत्रूंचें पारिपत्य होईल, अशी त्या वेळीं लोकांची समजूत होती. आमोसानें ती उलटी केली. खोट्या मापांनीं गरिबांस नाडणारे जे तुम्ही, तेच त्या दिवशीं आरोपी ठराल, असें त्यानें बजाविलें. पुढें इ. स. पूर्वी ७२२ च्या सुमारास अश्शूरी फौजांनीं उत्तरेचें इस्राएल राज्य बुडविलें. यशया व मीखा यांच्या ग्रंथांत याच कल्पनेची दुसरी बाजू दिसते: राष्ट्रें यरुशलेमच्या डोंगराकडे न्याय मागावयास येतील, आणि शस्त्रांचीं शेतीचीं अवजारें होतील. येथें शेवट आहे तो अन्यायाचा. जग कायमच राहतें.

इ. स. पूर्वी ५८६ मध्यें बाबिलोनच्या राजानें यरुशलेमचें मंदिर जाळलें व लोकांस परदेशीं नेलें. आपल्या पापाचें हें फळ, असें सांगून संदेष्ट्यांनीं त्या संकटाचा अर्थ लाविला, आणि लोकांनींहि तो मानला. परंतु पुढें असा प्रसंग आला कीं हा अर्थ पुरेना. इ. स. पूर्वी १६७ मध्यें अंतियोख राजानें मंदिर भ्रष्ट केलें व धर्माचरणास बंदी घातली. आतां ज्यांनीं नियम मोडले ते वांचले, आणि ज्यांनीं पाळले तेच मारले गेले! हें कोणत्या पापाचें फळ म्हणावयाचें? याच काळांत दानीएलाच्या ग्रंथास आजचें स्वरूप आलें असें बहुतेक पंडित मानतात. त्यांत चार श्वापदांच्या रूपानें चार साम्राज्यें येतात व लयास जातात. आणि मेलेल्यांपैकीं पुष्कळ जण उठतील व त्यांचा निवाडा होईल, ही गोष्ट हिब्रू शास्त्रांत येथेंच सर्वांत स्पष्टपणें सांगितलेली आहे. मृतांच्या पुनरुत्थानाची ही आशा, आमच्या मतें, मरणाच्या भीतींतून उपजली नाहीं; हुतात्म्यांस न्याय मिळालाच पाहिजे या आग्रहांतून उपजली.

परंतु दानीएलानें दिवसांचे आंकडेहि दिले, आणि आंकडे आले कीं हिशेब करणारे येतात. इ. स. ७० मध्यें रोमनांनीं दुसरें मंदिर पाडल्यावर ही उत्कंठा वाढली. १३२ सालीं बार कोखबा बंड करून उठला, तेव्हां अकीबासारख्या थोर आचार्यानें त्यास मसीहा म्हटलें. १३५ पर्यंत तें बंड रक्तांत बुडालें. तालमूदकारांनीं शेवटाची तिथि काढणाऱ्यांस शापच दिला, तो अशा अनुभवांमुळेंच असावा. बाराव्या शतकांतील मोशे बेन मैमोन यानें तर सांगितलें कीं मसीहाच्या काळींहि सृष्टीचा क्रम आहे तसाच चालेल. परसत्तेची ताबेदारी तेवढी सरेल.

तरीहि आशा आवरत नाहीं. १६६५ सालीं स्मर्ना शहरच्या शब्बताय झ्वी याचा मसीहा म्हणून पुकारा झाला, तेव्हां युरोपापासून येमेनपर्यंत यहुदी समाज हलला. हॅम्बुर्गच्या ग्लिकल नांवाच्या बाईनें आपल्या आठवणींत लिहून ठेविलें आहे कीं तिच्या सासऱ्यानें आपलें राहतें घर सोडलें, आणि पवित्र भूमीच्या प्रवासासाठीं कपडे व टिकाऊ खाद्यपदार्थ भरून पिपें तिच्याकडे पाठविलीं. १६६६ च्या सप्टेंबरांत तो मसीहा सुलतानापुढें मुसलमान झाला. पिपें तशींच पडून राहिलीं.

योहानान बेन झक्कय या आचार्याच्या नांवें एक बोध सांगतात. हातांत रोप असतां मसीहा आल्याची हांक ऐकूं आली, तर आधीं रोप लावावें, मग त्याच्या स्वागतास जावें. मंदिर पडण्यापूर्वीं वेढ्यांतून निसटून ज्यानें याव्ने येथें विद्यापीठ उभारलें, त्याच्या नांवावर हें वचन असावें हें योग्यच होय. हिब्रू शास्त्रांतील आशा व सावधपणा हीं दोन्ही त्यांत एकवटलीं आहेत.

या आशेचा एक धागा आमच्या कोंकणांतहि आला आहे. मलाखीच्या ग्रंथाप्रमाणें त्या महान दिवसापूर्वीं एलियाहू संदेष्टा येईल, आणि बापांचीं मनें मुलांकडे व मुलांचीं बापांकडे वळवील. हाच एलियाहू अलिबागनजीक खंडाळ्यास येऊन गेला अशी बेने इस्राएल लोकांची श्रद्धा आहे. तेथील खडकावरील खुणा ते त्याच्या रथाच्या मानतात, आणि शुभकार्यांत त्याच्या नांवें पोहे, खोबरें व फळें यांचा मलिदा करितात. शेवटाची वर्दी देणारा दूत आधीं घरांतील दुरावा मिटवावयास येतो, ही कल्पना आम्हांस त्या साऱ्या भविष्यवाणीहून मोलाची वाटते.