भिंगार : राजांच्या नावांशेजारचे एक नाव

गावाला नाव दोन तऱ्हांनी मिळते. एक राजा देतो, दुसरे लोकांच्या तोंडी आपसूक रुळते. मी राहतो त्या भिंगारला या दोन्ही तऱ्हा शेजारी-शेजारी दिसतात.

२८ मे १४९० रोजी मलिक अहमदने बहामनी सरदार जहांगीरखानाचा पराभव केला, तो भिंगारजवळच. पुढे १४९४ मध्ये सीनेकाठी त्याने शहर वसवले आणि त्याला स्वतःचे नाव दिले. म्हणजे अहमदनगर जन्मले, तेव्हा भिंगार होतेच.

या नावाची व्युत्पत्ती कशी लावायची? नावाला एखादा ऋषी जोडणे ही आपली जुनी हौस. मला मात्र संस्कृतातला ‘भृंगार’ हा शब्द खुणावतो. भृंगार म्हणजे पाण्याची झारी, विशेषतः सोन्याची. प्राकृतात या शब्दाचे रूप थेट ‘भिंगार’ असेच होते. अर्थात ध्वनी जुळला म्हणजे व्युत्पत्ती सिद्ध झाली असे नव्हे. त्यासाठी जुना लेख, ताम्रपट हवा. पण इथल्या नाल्यालाही भिंगारचेच नाव आहे, म्हणून पाण्याशी नाते सांगणारा हा अर्थ मनाला पटतो.

नॉर्वेच्या राजधानीची कथा अशीच आहे. १६२४ च्या आगीनंतर राजा चौथा ख्रिश्चन याने शहर किल्ल्यालगत नव्याने वसवले आणि नाव ठेवले ख्रिस्तियानिया. ‘ऑस्लो’ हे जुने नाव शहराबाहेरच्या वस्तीला चिकटून राहिले. तीनशे वर्षांनी, १९२५ मध्ये, राजधानीने ते परत घेतले. त्याचा अर्थ ‘देवांचे कुरण’ की ‘टेकडीखालचे कुरण’, हा पंडितांचा वाद अजून मिटलेला नाही. लोकांचे त्यावाचून काही अडले नाही.

आमच्या शहराचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. याच जिल्ह्यातल्या चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाईंविषयी माझ्या मनात आदरच आहे. तरी पाटीवरून ‘अहमद’ गेला, तेव्हा मनात काहीतरी हलले, हेही खरे. त्या अहमदचे घराणे मूळ पाथरीच्या ब्राह्मणाचे, असे फिरिश्ता लिहितो. नावावरून माणसाचे मूळ कळतेच असे नाही. मग गावाचे तरी कसे कळावे?

निजामशाही गेली, मोगल, पेशवे गेले, इंग्रजांनी छावणी वसवली. भिंगार भिंगारच राहिले. आपल्या घरी जुनी सनद, खरेदीखत असेल, तर त्यात गावाचे नाव कसे लिहिले आहे ते जरूर पाहा आणि तो कागद जपून ठेवा. गावाचा इतिहास अशाच कागदांतून उलगडतो.