डायनासोरचं बुडीत खातं

मुळशी तालुक्यात काय मिळत नाही? आंबेमोहोर मिळतो, करवंदं मिळतात, जमिनीचे एजंट मिळतात. पावसाळ्यातल्या रविवारी ताम्हिणी घाटात गाडी उभी करायची जागा सोडली, तर बाकी सगळं मिळतं. मिळत नाही तो फक्त डायनासोर. अख्खा सोडाच, त्याच्या करंगळीचं हाडसुद्धा इथे कुणाला सापडलेलं नाही.

आमच्या बँकेत पासबुक भरून घ्यायला तिकडचे एक आजोबा येतात. त्यांच्या कानावर मी ही गोष्ट घातली. ते म्हणाले, "आवं सायेब, तसलं जनावर आमच्यात असतं, तर तलाठ्यानं कवाच सातबाऱ्यावर चढवलं असतं! आन् भावकीत त्येच्या वाटण्याबी झाल्या असत्या."

मुद्दा बिनतोड होता. पण मग चंद्रपूर-गडचिरोलीकडे ही हाडं निघतात, ती आमच्याकडे का निघत नाहीत? विदर्भाच्या अनुशेषाबद्दल आपण नेहमी ऐकतो. या एका बाबतीत मात्र अनुशेष पश्चिम महाराष्ट्राचा आहे!

याला कारण आपला काळा पाषाण. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा बाहेर आला. चित्रातल्यासारखा शेंडीतून धूर सोडणारा एखादा डोंगर नव्हे. दूध उतू जावं तसा तो आला, पसरला, थिजला. त्याच्यावर पुन्हा आला, पुन्हा थिजला. असे थरावर थर चढले. आजही हा दगड सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे, आणि सह्याद्रीत त्याच्या सगळ्या थरांची बेरीज दोन किलोमीटरच्या वर जाते. सह्याद्रीतल्या कुठल्याही घाटात रस्त्यासाठी कापलेली कडा नीट पाहा. दगडाचे जाड थर एकावर एक रचलेले दिसतात, आणि मधूनमधून तांबड्या मातीची पट्टी. पट्टी म्हणजे सुट्टी! आधीचा लाव्हा थंड झाला, त्याची माती झाली, आणि मग वरून पुढचा लोंढा आला.

आता हाड टिकायला लागतो चिखल. मेलेल्या प्राण्यावर गाळ बसावा, तो हळूहळू दगड व्हावा, तेव्हा कुठे जीवाश्म तयार होतो. हजार अंशांवर तापलेल्या लाव्ह्याच्या हवाली हाड करणं म्हणजे मुदतठेवीची पावती चुलीत जपून ठेवणं. मुदत संपल्यावर मिळणार काय? राख!

"मग थरांच्या खाली बघा की," असं कोणीही म्हणेल. तेही करून झालं आहे. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी शास्त्रज्ञांनी तिथे तीन किलोमीटर खोल भोक पाडलं. सुमारे सव्वा किलोमीटर काळा दगड लागला आणि त्याच्याखाली थेट ग्रॅनाइट. मधे गाळाचा थर नाही, म्हणजे हाडं मिळण्याची आशाही नाही. एवढ्या खोल जाऊन तळाशी शिल्लक शून्य! असली खाती आम्ही रोज पाहतो, पण त्यांच्यासाठी एवढं खोदावं लागत नाही.

विदर्भात मात्र लाव्ह्याची ही चादर विरत विरत संपते आणि तिच्याखालचा जुना गाळ उघडा पडतो. तिथे, चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. या गावाची जगात कीर्ती झाली ती शेणामुळे. डायनासोरचं शेण, दगड झालेलं! टायटॅनोसॉर नावाच्या अवाढव्य शाकाहारी प्राण्यांचं ते मानतात. २००५ साली शास्त्रज्ञांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली घातलं, तर त्यात गवताचे वाळूसारखे बारीक कण निघाले. डायनासोर गेले आणि मग बऱ्याच काळाने गवत आलं, अशी तोवर समजूत होती. पिसदुऱ्याच्या शेणाने ती पुसून टाकली. २०११ साली तर भाताच्या घराण्यातल्या वनस्पतींचे कणही त्यात ओळखले गेले. म्हणजे आंबेमोहोराच्या खापरखापरपणजोबांवर विदर्भातल्या या पाहुण्यांनी ताव मारलेला होता, आणि पुरावाही मागे ठेवला होता.

पण मुळशीला अगदीच कमी लेखू नका. हाड नसलं म्हणून काय झालं? खुनाच्या खटल्यात मयताएवढंच महत्त्व आरोपीला असतं, आणि आरोपी आपल्याकडे आहे. डायनासोरना कोणी मारलं, या खटल्यात आपला काळा दगड कित्येक वर्षं पिंजऱ्यात उभा आहे.

दुसरा आरोपी आकाशातला. १९८० साली अमेरिकेतल्या अल्वारेझ पितापुत्रांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितलं, की एक प्रचंड अशनी पृथ्वीवर आदळला आणि त्यात डायनासोर संपले. पुढे १९९१ साली मेक्सिकोतल्या चिकशुलूब इथे तो खड्डाही ओळखला गेला, सुमारे १८० किलोमीटर रुंदीचा. म्हणजे पुण्यात आदळला असता, तर खड्ड्याची कड नगरच्या जवळपास गेली असती. बहुतेक शास्त्रज्ञ मुख्य गुन्हा अशनीवरच ठेवतात. पण लाव्ह्याबरोबर सुटलेल्या वायूंनी हवामान बिघडवून त्याला किती हातभार लावला, हा वाद मिटलेला नाही.

तो मिटवण्यासाठी २०१९ साली दोन चमूंनी सह्याद्रीच्या थरांची वयं काढली. एकाने तांबड्या पट्ट्यांतले झिरकॉनचे कण तपासले, दुसऱ्याने दगडातला आरगॉन वायू. पहिला चमू म्हणाला, लाव्ह्याचा एक मोठा लोंढा अशनी आदळण्याच्या जरा आधी आला. दुसरा म्हणाला, सुमारे तीन चतुर्थांश लाव्हा तो आदळल्यानंतरचा आहे. दोन्ही निबंध एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात छापून आले. एकाच शाखेचे दोन ऑडिटर, वह्या त्याच, आणि अहवाल दोन! बँकेतल्या माणसाला यात नवल वाटत नाही. तो एवढंच म्हणतो, वह्या सांभाळून ठेवा, पुन्हा तपासाव्या लागतील.

सांभाळून ठेवल्याने काय होतं ते ऐका. १८२८ साली जबलपूरला कॅप्टन स्लीमनला, म्हणजे ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमनलाच, काही थोराड हाडं सापडली. तेव्हा 'डायनासोर' हा शब्दसुद्धा जन्मलेला नव्हता. तो आला १८४२ साली. १८७७ साली लायडेकरने त्या प्राण्याचं 'टायटॅनोसॉरस इंडिकस' असं बारसं केलं. पुढे ही हाडं हरवली आणि कैक दशकं हरवलेलीच राहिली. अखेर २०१२ साली त्यातला शेपटीचा एक मणका कलकत्त्याला, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहातच मिळाला. चुकीच्या कपाटात गेलेली वस्तू शंभर वर्षांनी का होईना, पण मिळते.

खडी झालेला डोंगर मिळत नाही. मुळशीत हिंजवडी वाढली, बंगले वाढले, त्यासाठी डोंगर कापले गेले. कापलेल्या दगडाबरोबर त्या तांबड्या पट्ट्याही जातात, डंपरमध्ये भरून, बिनपावतीच्या. घरं हवीतच, रस्तेही हवेत. आमच्याच कर्जावर ती बांधली जातात, तेव्हा मी फार बोलू नये. लोक म्हणतात, अहो, पाच लाख चौरस किलोमीटर दगड पडलाय, एका टेकडीनं काय बिघडतं? त्यांना मी एवढंच सांगतो, की कॅश पाच रुपयांनी जुळली नाही म्हणून आम्ही रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत बँकेत बसलो आहोत. तिजोरीत तेव्हा लाखो रुपये होते. पण हिशेब कुठे चुकला, ते त्या पाच रुपयांनाच माहीत होतं.