कोष्टकसंयोग
कोष्टकसंयोग : दोन वा अधिक कोष्टकांतील संबंधित नोंदी समान मूल्याच्या आधारे एकत्र आणण्याची संगणकीय क्रिया. व्यवहारात ती ‘जॉइन’ या नावाने परिचित आहे. एका कोष्टकात ग्राहकांचे क्रमांक व नावे, तर दुसऱ्यात ग्राहकक्रमांक व मागण्यांचा तपशील असल्यास, क्रमांक जुळवून प्रत्येक मागणीपुढे नाव मिळविता येते. ते पुन:पुन्हा नोंदवावे लागत नाही.

१९६०–७० या दशकातील माहितीसंग्रहांत एका नोंदीतच दुसरीचा पत्ता साठवून त्या एकमेकींशी बांधलेल्या असत. चार्ल्स बाखमन यांची आयडीएस आणि अपोलो योजनेच्या निमित्ताने निर्माण झालेली आयबीएमची आयएमएस या अशाच प्रणाली होत. हव्या त्या नोंदीपर्यंतची वाट कार्यक्रम लिहिणाऱ्यास स्वतः आखावी लागे. मूळ रचना बदलली की, चालू कार्यक्रम निकामी होत. आयबीएममधील मूळचे इंग्रज गणितज्ञ एडगर फ्रँक कॉड (१९२३–२००३) यांनी जून १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात हे बंधन तोडले. त्यांनी माहिती केवळ कोष्टकरूपात मांडली आणि पत्त्याऐवजी मूल्यांच्या समानतेवर जोडणी सोपविली.

याच निबंधात त्यांनी एका सापळ्याचाही इशारा दिला, हे विशेष. पुरवठादार एखादा सुटा भाग पुरवितो व तो भाग एखाद्या प्रकल्पात वापरला जातो, एवढ्यावरून त्याच पुरवठादाराचा माल त्या प्रकल्पात गेला, असे सिद्ध होत नाही. जोडलेल्या नोंदी पाहून मात्र तसे वाटते. ही चूक आजही सर्रास आढळते.

खरा आक्षेप वेगाविषयी होता. १० हजार व १ लाख नोंदींची कोष्टके सरळ ताडून पाहिल्यास १०० कोटी तुलना कराव्या लागतात. १९७४ मध्ये ॲन आर्बर येथे बाखमन व कॉड यांच्या पक्षांत जाहीर वाद झाला. त्याचा निकाल प्रयोगशाळेत लागला. सॅन होजे येथे आयबीएमने सिस्टिम आर, तर बर्कली येथील विद्यापीठाने इंग्रेस ही प्रणाली उभारली. पॅट्रिशिया सेलिंजर व सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये वर्णिलेल्या पद्धतीनुसार संगणकच निरनिराळ्या मार्गांच्या खर्चाचा अंदाज घेऊन कोष्टके कोणत्या क्रमाने व कशी जोडावीत हे ठरवू लागला.

एसक्यूएल या भाषेत प्रारंभी कोष्टकांची नावे देऊन जुळणीची अट वेगळी लिहीत. ती विसरल्यास प्रत्येक नोंद प्रत्येकीशी जोडली जाई. १९९२ च्या मानकात ‘जॉइन’ हा स्वतंत्र शब्द आला. त्याबरोबरच, एकही मागणी नसलेला ग्राहक उत्तरातून गळू न देणाऱ्या बाह्य संयोगालाही मान्यता मिळाली.